जलपर्णीचा कोळसा, कोळशातली वीज

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. आहे ती तापी. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजनी तिचं पाणी अडवलं आहे, आणि त्याखाली उकाई धरणाचा फुगवटा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत येऊन टेकतो. अडवलेल्या पाण्यावर शेती पिकते, गावांचे नळ चालतात. पण पाणी संथ झालं, त्यात सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत मिसळलं, की जलपर्णीला आयतं अंथरूण मिळतं. खाली सुरतेला कॉजवेमागची जलपर्णी काढायला महापालिकेला यंत्रं लावावी लागतात.

किनाऱ्यावरच्या देशांचं दुखणं याच जातीचं आहे. अटलांटिक महासागरात २०११ पासून सरगॅसम नावाच्या समुद्री शेवाळाचे प्रचंड पट्टे तयार होतात आणि कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर येऊन कुजतात. त्या शेवाळाचा सच्छिद्र कोळसा करून वीज साठवण्याच्या साधनांत वापरायचा, असे प्रयोग जगभर चालू आहेत. आपल्याकडे शेवाळाची जागा जलपर्णीनं घेतली आहे, म्हणून तीच कृती इथे जलपर्णीवर मांडतो. मी रसायनशास्त्र शिकवतो. ही कृती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करायची आहे. पहिले चार टप्पे गावात होतील. पुढच्यांना भट्टी, नायट्रोजन आणि धूर खेचणारं कपाट लागतं.

आधी तत्त्व

जलपर्णीचा फुगीर देठ ब्लेडनं आडवा कापा आणि भिंगाखाली धरा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे दिसतील. याच हवेवर ती तरंगते. देठ सावकाश जाळून कोळसा केला तरी कप्प्यांच्या भिंती बऱ्याच अंशी तशाच उभ्या राहतात. पुढे रसायनानं त्या भिंतींनाच अतिसूक्ष्म छिद्रं पाडायची. अशी छिद्रं पडलेल्या एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटर, म्हणजे पाव एकर भरू शकतो.

हा कोळसा क्षाराच्या द्रावणात बुडवून त्याला वीजभार दिला, की विरुद्ध भाराचे आयन छिद्रांच्या भिंतींना येऊन चिकटतात. वीज तिथेच साठते. बॅटरीत रासायनिक बदल होतो; इथे आयन फक्त चिकटतात आणि सुटतात. म्हणून असं साधन काही सेकंदांत भरतं, रिकामं होतं आणि लाखो वेळा वापरता येतं. याला सुपरकपॅसिटर म्हणतात. त्याची मर्यादाही समजून घ्या. बाजारातला सुपरकपॅसिटर किलोमागे साधारण ५ ते १० वॅट-तास ऊर्जा साठवतो, लिथियम-आयन बॅटरी १५० ते २५०. रात्रभर दिवा लावायचं काम बॅटरीचं. एकदम जोर लागतो तिथे, किंवा क्षणभर वीज गेल्यावर यंत्र बंद पडू नये म्हणून, सुपरकपॅसिटर.

या कृतीत आपण भर घालत नाही, काढत जातो: आधी पाणी, मग धूर, मग राख, मग कोळशातलाच थोडा कोळसा. शेवटी जी रिकामी जागा उरते, तीच आपली कमाई. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारायचा: काय काढायचं होतं, आणि ते खरंच निघालं का?

साहित्य

गावातल्या कामासाठी:
- ताजी जलपर्णी, मुळं कापून २० किलो
- विळा, रबरी हातमोजे, गमबूट, लांब काठीचा आकडा
- वाळवायला ताडपत्री किंवा स्वच्छ खळं
- घट्ट झाकणाचा लोखंडी डबा, १५ ते २० लिटरचा, आतला रंग पूर्ण जाळून काढलेला
- त्याहून मोठा, तळाशी भोकं पाडलेला लोखंडी पिंप
- जळण: तुरकाट्या, पऱ्हाटी किंवा सुकं लाकूड
- ओली चिकणमाती

प्रयोगशाळेसाठी:
- हायड्रोक्लोरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सोडियम सल्फेट, इथेनॉल, सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण, चुना
- ऊर्ध्वपातित पाणी, भरपूर
- नायट्रोजन सोडता येईल अशी नळीची भट्टी, निकेलची मूस
- वीजवाहक काजळी (कार्बन ब्लॅक) आणि टेफ्लॉनचं ६० टक्क्यांचं पाण्यातलं मिश्रण
- ग्रॅफाइटचा लवचिक पत्रा, गाळणकागद, अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या, कागदाचे चिमटे
- मल्टीमीटर, ९ व्होल्टची बॅटरी, एलएम ३१७ आयसी, १२० आणि १०० ओहमचे रोध, लाल एलईडी
- चष्मा, आम्लाला टिकणारे हातमोजे, सुती एप्रन

कृती

१. जलपर्णी काढणं

मार्च ते मे हा काळ निवडा. पाणी उतरलेलं असतं आणि ऊन कडक असतं. भोई मंडळींना नदीचा तळ, गाळ आणि ओढ ठाऊक असते. त्यांना सोबत घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नका. ग्रामपंचायत आणि पाटबंधारे खात्याला आधी कळवा. जाळी लावलेली जागा सोडून काम करा.

रोप आकड्यानं काठावर ओढा आणि मुळं तिथेच कापा. मुळांच्या काळ्या जटांत गाळ अडकलेला असतो, आणि वनस्पतीनं पाण्यातून शोषलेले शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू सर्वाधिक तिथेच साठतात. मुळांचा ढीग पाण्यापासून लांब खड्ड्यात पुरा. आपल्याला हवेत देठ आणि पानं. कारखान्याच्या किंवा मोठ्या गटाराच्या तोंडाशी वाढलेली रोपं या कामाला घेऊ नका.

फुलांचे तुरे आलेली रोपं वेगळी काढा. जलपर्णीचं बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं, आणि रोपाचा एक तुकडा दुसऱ्या तळ्यात पडला तरी तिथे वसाहत उभी राहते. ट्रॉलीवर ताडपत्री घट्ट बांधा. घरी परतण्याआधी ट्रॉली, बूट, विळे सगळं काठावरच धुवा. एका तळ्यातलं संकट दुसऱ्या तळ्यात पोचवायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम.

२. धुणं आणि वाळवणं

देठ-पानं दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून काढा. हातात रेतीची कचकच लागते तोवर धुत राहा. मग देठ बोटभर लांबीचे कापा.

नंदुरबारला वाळवणं शिकायला लांब जावं लागत नाही. बाजारात आलेली ओली लाल मिरची पथारीवर कशी पसरतात, कशी उलटवतात, ते इथल्या प्रत्येकानं पाहिलं आहे. जलपर्णीची पथारी तशीच घाला: थर पातळ, दिवसातून दोनदा उलटवायचा, संध्याकाळी गोळा करून झाकायचा. थर जाड राहिला तर खालचा माल कुजतो आणि शेणासारखा वास सुटतो. तसा माल सरळ टाकून द्या.

ताज्या जलपर्णीत ९३ ते ९५ टक्के पाणी असतं. २० किलोतून सव्वा किलोच्या आसपास सुका माल उरेल. मूठभर तुकडे तोला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की वाळवण झालं. देठ वाकवला की कट्कन मोडला पाहिजे.

३. कोळसा पाडणं

सुका माल लोखंडी डब्यात दाबून भरा. झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडा, पेन्सिलीच्या शिशाच्या दुप्पट जाडीचं. झाकणाच्या कडेला ओल्या मातीचा लेप द्या. डबा पिंपात विटांवर ठेवा, भोवती जळण रचा आणि पेटवा.

आता त्या भोकाकडे लक्ष ठेवा. सगळी गोष्ट तेच सांगतं. आधी पांढरी वाफ येते. ते उरलेलं पाणी. मग पिवळसर, डोळे चुरचुरवणारा धूर येतो. ते वनस्पतीतले वायू आणि डांबर. जळती काडी लांबून दाखवली तर हा धूर पेट घेतो आणि भोकावर ज्योत उभी राहते. ज्योत हळूहळू बुटकी होत विझली, की आतून निघण्यासारखं निघालं. चिमट्यानं भोकावर ओल्या मातीचा गोळा बसवा आणि जळण बाजूला ओढा.

डबा रात्रभर निवू द्या. पहिल्या खेपेला मी तो कोमट असतानाच उघडला. वर काळेभोर, सुबक तुकडे होते; पाहता पाहता त्यांच्या कडा लाल झाल्या आणि पाच मिनिटांत डब्यात राखाडी भुगा उरला. गरम कोळशाला हवा मिळाली की तो पेटतो. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी हाताला डबा पूर्ण गार लागल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही.

भट्टी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून लावा. भोक बुजवून तापवत ठेवू नका. आत वायूचा दाब वाढून झाकण उडू शकतं. सव्वा किलो सुक्या मालातून ४०० ग्रॅमच्या आसपास कोळसा निघतो.

४. कोळसा तपासणं

एक तुकडा दोन बोटांत चुरडा. नीट झालेला कोळसा करकरीत मोडतो आणि बोट कोरडं काळं होतं. बोटाला तपकिरी, चिकट डाग पडला तर डांबर राहिलं आहे. माल पुन्हा डब्यात घालून तापवा. चांगला कोळसा खलबत्त्यात कुटा आणि मैद्याच्या चाळणीनं चाळा. कुटताना नाकावर मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसात जायला नको.

५. आम्लात धुणं

जलपर्णीत राख भरपूर असते: पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार आणि वाळूची बहीण सिलिका. पहिल्या महायुद्धात जर्मनीचं पोटॅश बंद झालं तेव्हा बंगालमध्ये या वनस्पतीच्या राखेतून पोटॅश मिळवण्याचा विचार झाला होता, यावरून तिच्यातल्या पोटॅशियमची कल्पना येईल. त्याच बंगालला १९३६ साली जलपर्णीविरुद्ध कायदा करावा लागला. ही राख छिद्रं अडवते आणि वजनाला भार होते, म्हणून ती काढायची.

एक लिटर द्रावणासाठी ९०० मिलीभर पाणी घ्या आणि त्यात ८५ ते ९० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल धूर-कपाटात सावकाश ओता. मग पाणी घालून एक लिटर करा. नेहमी पाण्यात आम्ल. आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही. ५० ग्रॅम कोळशाला अर्धा लिटर द्रावण पुरतं. सुरुवातीला बुडबुडे येतात, ते कार्बोनेट विरघळल्याचे. ६० अंश सेल्सिअसला दोन तास ढवळा, रात्रभर ठेवा, गाळा.

मग ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवा. किती वेळा? लिटमसवर थांबू नका. गाळून आलेल्या पाण्याच्या दोन थेंबांत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. थेंब नितळ राहिला की थांबा. क्लोराइड शिल्लक राहिलं तर पुढे सेलमध्ये गळती वाढते आणि धातूचे जोड गंजतात. धुतलेला कोळसा ११० अंशांवर रात्रभर सुकवा.

आम्लाचं पाणी मोरीत सोडू नका. त्यात वनस्पतीनं शोषलेले धातू असू शकतात. चुना घालून ते उदासीन करा, खाली बसलेला गाळ वेगळा काढून बंद डब्यात साठवा आणि प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या.

६. छिद्रं पाडणं

हा टप्पा सर्वांत नाजूक. धुतलेला कोळसा ५ ग्रॅम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० ग्रॅम, इतकाच घाणा घ्या. हायड्रॉक्साइड २० मिली पाण्यात विरघळवा. भांडं चांगलंच तापतं, म्हणून थोडं थोडं टाका. त्यात कोळसा कालवा आणि ११० अंशांवर पूर्ण सुकवा. मिश्रण हवेतली ओल ओढतं, तेव्हा लगेच निकेलच्या मुशीत भरा. चिनी मातीची किंवा काचेची मूस चालणार नाही. वितळलेला हायड्रॉक्साइड ती खातो.

मूस भट्टीच्या नळीत ठेवून अर्धा तास नायट्रोजन सोडा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग मिनिटाला ५ अंश या वेगानं ७०० अंशांपर्यंत जा आणि तिथे एक तास थांबा. नायट्रोजन सुरूच ठेवा. बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बाटलीतून काढून धूर-कपाटात सोडा. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. जवळ ज्योत नको. भट्टी आणि बाटली यांच्यामध्ये एक रिकामी बाटली जोडा, म्हणजे पाणी उलटं खेचलं गेलं तरी गरम नळीत शिरणार नाही.

आत काय होतं? हायड्रॉक्साइड कोळशाच्या भिंती कुरतडतो, त्यातून पोटॅशियम कार्बोनेट आणि थोडा पोटॅशियम धातू तयार होतो. हा धातू कोळशाच्या थरांमध्ये शिरून त्यांना फाकवतो. तो धुऊन काढला की मागे छिद्रं राहतात. आम्लाला दाद न देणारी सिलिकाही इथे हायड्रॉक्साइडमध्ये विरघळते आणि पुढच्या धुण्यात निघून जाते.

पोटॅशियम धातू पाण्याला लागला की पेटतो. म्हणून भट्टी खोलीच्या तपमानाला येईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका. नळीच्या गार टोकाला चंदेरी-राखाडी थर दिसला तर त्याला हात लावू नका, शिक्षकांना बोलवा. मूस धूर-कपाटात ठेवा, आधी थोडं इथेनॉल थेंबाथेंबानं सोडा, बुडबुडे थांबले की मग पाणी. चष्मा एका क्षणासाठीही काढायचा नाही, आणि हे काम एकट्यानं कधीही करायचं नाही.

त्यानंतर पुन्हा पातळ आम्ल, पुन्हा पाणी, पुन्हा सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा, पुन्हा सुकवण. ५ ग्रॅममधून अडीच-तीन ग्रॅम हाती येईल. वजन निम्मं झालं म्हणून हळहळू नका. जे गेलं, त्याच्याच जागेत वीज बसणार आहे.

७. पोळी लाटणं

तयार कोळसा ०.८ ग्रॅम, काजळी ०.१ ग्रॅम आणि टेफ्लॉनचं मिश्रण ०.१७ ग्रॅम घ्या. त्या मिश्रणात ०.१ ग्रॅम टेफ्लॉन असतं. थोडं इथेनॉल घालून खलात मळा. सुरुवातीला नुसता चिखल वाटेल. मळत राहिलात की टेफ्लॉनचे अदृश्य धागे सुटतात आणि चिखलाचा गोळा होतो, भाकरीच्या पिठाला पाणी बरोबर लागल्यावर होतो तसा. तो काचेवर ठेवून स्टीलच्या दांड्यानं पापडाहून पातळ, ०.१ ते ०.१५ मिलिमीटर लाटा. कडा फाटत असतील तर घडी घालून पुन्हा लाटा. ११० अंशांवर सुकवा.

४ बाय २.५ सेंटिमीटरचे तुकडे कापून प्रत्येक तोला. सारख्या वजनाची जोडी निवडा. तुकडा ६२-६३ मिलिग्रॅमचा असेल तर त्यात आपला कोळसा ५० मिलिग्रॅम. जोडीत १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ ग्रॅम.

८. सेल बांधणं

१४.२ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिली करा. पोळीचे तुकडे आणि गाळणकागद त्यात दोन तास भिजवा. कोळशाच्या छिद्रांतली हवा निघून पाणी आत शिरायला वेळ लागतो. हा वेळ वाचवू नका.

मग रचा: ग्रॅफाइटचा पत्रा, पोळी, गाळणकागद, पोळी, ग्रॅफाइटचा पत्रा. कागद पोळीपेक्षा सगळीकडून थोडा मोठा हवा, म्हणजे दोन पोळ्या एकमेकींना टेकणार नाहीत. दोन्ही बाजूंना अॅक्रिलिक लावून चिमट्यांनी दाबा. ग्रॅफाइटची शेपटी बाहेर लांब ठेवा आणि तारेचा क्लिप त्या कोरड्या शेपटीला लावा. ग्रॅफाइटऐवजी तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा वापरला, की तो गंजतो आणि तुम्ही कोळशाऐवजी धातूच मोजत बसता.

९. मोजणं

९ व्होल्टची बॅटरी, एलएम ३१७ आणि १२० ओहमचा रोध यांतून सुमारे १० मिलिअँपिअरची स्थिर धारा मिळते. सेल तिच्यावर भरा, मल्टीमीटरवर डोळा ठेवा आणि ०.८ व्होल्टला थांबवा. पाणी १.२३ व्होल्टच्या पुढे फुटू लागतं, म्हणून आपण बरेच खाली राहतो. चार-पाच वेळा भरून-रिकामं केल्यावर मोजणी घ्या.

०.४ पासून ०.८ व्होल्टला जायला किती सेकंद लागले? समजा ६०. मग धारिता = धारा × वेळ ÷ व्होल्टेजमधली वाढ = ०.०१ × ६० ÷ ०.४ = १.५ फॅरड. दोन पोळ्या एकसरीत जोडलेल्या असतात, म्हणून कोळशाची ग्रॅममागची धारिता काढताना ४ नं गुणून एकूण कोळशाच्या वजनानं भागायचं: ४ × १.५ ÷ ०.१ = ६० फॅरड. पहिल्या प्रयत्नाला हा आकडा चांगला आहे. धुणं आणि भिजवणं सुधारलं की तो वर चढतो.

पडताळा दुसऱ्या वाटेनं घ्या. ०.८ व्होल्टला भरलेला सेल १०० ओहमच्या रोधातून रिकामा करा आणि ०.३ व्होल्टला यायला लागणारा वेळ मोजा. तो वेळ भागिले रोध, म्हणजे धारिता. वरच्या सेलला साधारण १५० सेकंद लागायला हवेत. फारच कमी लागले तर सेलमध्ये गळती आहे: कागद फाटलाय, कडा टेकल्यात किंवा क्षार राहिलाय.

१०. दिवा लावणं

असे तीन सेल एकसरीत जोडा. प्रत्येकी ०.८, म्हणजे २.४ व्होल्ट. १०० ओहमच्या रोधातून लाल एलईडी जोडा. तो लागतो, मग मंदावत मंदावत दीड-दोन मिनिटांत विझतो. पुन्हा भरा, पुन्हा लावा. शंभर वेळा केल्यावर पहिली आणि शंभरावी वेळ वहीत शेजारी शेजारी लिहा.

कुठे चुकतं

- कोळसा पाण्यावर तरंगतो, बुडत नाही: डांबर राहिलंय किंवा छिद्रांत हवा आहे. अधिक वेळ भिजवा.
- क्लिप लावताच व्होल्टेज एकदम उडी मारतं: आतला रोध जास्त आहे. चिमटे घट्ट करा, काजळी नीट मिसळली का पाहा.
- भरून ठेवलेला सेल तासाभरात रिकामा होतो: धुणं कमी पडलंय. पाचव्या टप्प्यावर परत जा.
- प्रत्येक घाण्याचा आकडा वेगळा येतो: माल कधी, कुठून काढला आणि देठ-पानांचं प्रमाण किती, हे लिहिलेलं नसतं. लिहा.

हिशेब

२० किलो ओली जलपर्णी, सव्वा किलो सुकी, ४०० ग्रॅम कोळसा, आम्लात धुतल्यावर ३०० ग्रॅम, छिद्रं पाडल्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास. हे ढोबळ आकडे आहेत, पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते: अशा कोळशानं तापी मोकळी होणार नाही. जलपर्णी थांबवायची तर सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं लागेल, खत शेतात जिरावं लागेल. आणि कोळशाला भाव आला म्हणून कुणी जलपर्णी मुद्दाम वाढवू लागलं, तर आपण रोगच पेरला असं होईल. जी काढावीच लागते, काढून काठावर कुजत पडते, तिच्यातल्या चांगल्या देठांचा हा उपयोग आहे.

तरीही ही कृती करून पाहा, असं मी मनापासून सांगतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर सौर दिवे पोचले आहेत. तिथला विद्यार्थी दिवा वापरतो, पण वीज कुठे आणि कशी बसते हे त्याला कुणी हातात देऊन दाखवलेलं नसतं. इथे तो नदीतून देठ काढतो, वाळवतो, जाळतो, धुतो, लाटतो, आणि शेवटी त्याच देठानं लावलेला लाल ठिपका दीड-दोन मिनिटं पाहतो. प्रयोग संपल्यावर पहिल्या दिवशी कापलेल्या देठाची चकती आणि त्याच देठाच्या कोळशाचा एक तुकडा वहीत शेजारी चिकटवा, आणि पुढच्या तुकडीच्या हातात वहीसोबत भिंग द्या. दोन्हींतले कप्पे सारखेच दिसतील.